मारका वळू : दुग्धव्यवसायाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

दुग्धव्यवसायाच्या इतिहासात गाय, लोणी, मलई काढण्याचे यंत्र, सहकारी दुग्धालय आणि शहरांची बाजारपेठ या सर्वांची चर्चा विस्ताराने होते. वळूचा उल्लेख मात्र बहुधा वंशावळीच्या कोष्टकापुरता येतो. दुधाळ जातींचे वळू मारके असतात, त्यांच्या खणात शिरताना अनुभवी गडीही बिचकतात आणि अशा वळूंनी आपल्या पोशिंद्यांचेच प्राण घेतल्याच्या घटना घडत आल्या आहेत, हे शेतकीच्या व्यवहारात सर्वांस ठाऊक आहे. तरीही इतिहासाच्या विचारात ही गोष्ट क्वचितच घेतली जाते. ती जनावराच्या उपजत स्वभावाची बाब, म्हणजे प्राणिशास्त्रज्ञाने पाहावयाची, असा समज यामागे असावा. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ब्रिटन, डेन्मार्क आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांतील गेल्या दोन शतकांचा पुरावा पाहिला असता असे दिसते की, दुधाळ वळूचा मारकेपणा बऱ्याच अंशी दुग्धव्यवसायाच्या पद्धतीनेच वाढविला. आणि त्या मारकेपणाने उलट त्या व्यवसायाच्या रचनेवर, विशेषतः पैदाशीविषयीच्या ज्ञानावर, दूरगामी परिणाम केला.

मारक्या जनावराचा प्रश्न अर्थातच फार जुना आहे. मेसोपोटेमियातील एश्नुन्ना नगरीच्या संहितेत आणि इ. स. पू. अठराव्या शतकातील बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत त्यासंबंधी कलमे आढळतात. हम्मुराबीच्या २५० व्या कलमानुसार, रस्त्याने जाणाऱ्या बैलाने एखाद्यास शिंगावर घेऊन ठार केल्यास त्याबद्दल दावा चालत नसे. पुढचे कलम अधिक उद्बोधक आहे. आपला बैल मारका आहे अशी सूचना पेठेकडून मालकास मिळालेली असून त्याने शिंगांचा बंदोबस्त केला नाही किंवा जनावर आवरून ठेवले नाही, आणि त्या जनावराने स्वतंत्र मनुष्यास मारले, तर मालकाने अर्धा मीना चांदी द्यावी. मेलेला मनुष्य गुलाम असल्यास तृतीयांश मीना द्यावी. यहुद्यांच्या ‘निर्गम’ या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात तत्त्व हेच, शिक्षा मात्र निराळी. तेथे जनावरास दगडांनी ठार करावयाचे आणि त्याचे मांस खावयाचे नाही. मालकास पूर्वसूचना मिळालेली असेल तर त्यासही देहान्त, अथवा त्याऐवजी ठरेल ते द्रव्य. या प्राचीन ग्रंथांतील मूळ शब्दांवरून खच्ची केलेला बैल आणि वळू यांतील भेद नेहमीच स्पष्ट होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा कायद्याची दृष्टी उघड आहे. जनावर असे का वागते याची चौकशी तो करीत नाही. मालकाला काय ठाऊक होते आणि ठाऊक असूनही त्याने काय केले नाही, एवढेच तो विचारतो.

इंग्लंडच्या रूढ कायद्यानेही पुढे हीच कसोटी स्वीकारली. १८५१ सालच्या हडसन विरुद्ध रॉबर्ट्स या खटल्यात रस्त्याने नेल्या जाणाऱ्या एका वळूने गळ्यात लाल रुमाल बांधलेल्या माणसास जखमी केले होते. लाल रंग दिसला की वळू धावून जाणार हे आपणास ठाऊक होते, असे मालक बोलून गेला, आणि त्याचे ते बोलणेच त्याला भोवले. वस्तुतः गुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. माणसाला जो लालभडक दिसतो तो रंग त्यांना तसा दिसत नाही. म्हणजे ज्या माहितीमुळे मालक जबाबदार ठरला, ती माहितीच चुकीची होती. वळूच्या स्वभावासंबंधी त्या काळी प्रचलित असलेले ज्ञान कोणत्या प्रतीचे होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तथापि वळूला माणसाळविता येते, याचा पुरावाही इंग्लंडमध्येच आणि त्याहून जुना आहे. लेस्टरशायरमधील डिशली येथील सुप्रसिद्ध पशुपैदासकार रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याच्या शेतास आर्थर यंग याने भेट दिली आणि १७७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात तेथील जनावरांच्या सौम्यपणाबद्दल आश्चर्य व्यक्त केले. तेथील वळू उघड्या रानात पाहुण्यांनी न्याहाळेपर्यंत शांत उभे राहत, आणि एका रानातून दुसऱ्या रानात नेताना त्यांच्या बाजूने चालणाऱ्या माणसाच्या हातात एक लहानशी छडी असली तरी पुरे होई. बेकवेलची लांब शिंगांची गुरे मुख्यतः मांसासाठी नावाजलेली होती, दुधासाठी नव्हे. त्यामुळे दुधाळ वळूंशी त्यांची थेट तुलना करता येणार नाही. परंतु पूर्ण वाढलेला वळू म्हणजे अपरिहार्यपणे मारका, हे मत त्यामुळे टिकत नाही एवढे खरे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुग्धव्यवसायाचे स्वरूप पालटले. रेल्वेमुळे शहरांना दूध पुरविणे शक्य झाले, आणि १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल याने सतत चालणारे मलई काढण्याचे यंत्र सिद्ध केल्यावर लोण्याचा धंदा घराघरांतून दुग्धालयांत गेला. १८८२ साली डेन्मार्कमधील हेडिंग येथे पहिले सहकारी दुग्धालय निघाले. गाईच्या कासेतील प्रत्येक शेराला आता रोकड किंमत आली. वासराने आईला प्यावे ही गोष्ट शेतकऱ्याला परवडेनाशी झाली. जन्मल्यावर एक-दोन दिवसांत वासरू आईपासून तोडावयाचे, वेगळ्या खणात बांधावयाचे आणि बादलीतून मलई काढलेले दूध पाजून वाढवावयाचे, ही रीत रूढ झाली. कालवडी पुढे कळपात जात. गोऱ्हे बहुतेक खाटकाकडे जात. वळू म्हणून राखावयाचा एखादा गोऱ्हा मात्र एकटाच वाढे. वयात आल्यावर त्याला कळपात सोडणेही बंद झाले, कारण कोणती गाय केव्हा फळली याची नोंद ठेवावयाची असे. दहा-वीस गाईंच्या त्या शेतात तो दिवसाचे चोवीस तास एका खणात उभा राही. चारा टाकणाऱ्या माणसाखेरीज दुसऱ्या सजीवाशी त्याचा संबंध येई तो गाय दाखविण्यापुरता.

अशा रीतीने वाढलेल्या वळूपासून संरक्षण मिळविण्यासाठी जे उपाय योजले गेले, त्यांत पहिला म्हणजे शिंगे काढणे. अमेरिकेत इलिनॉयमधील एच. एच. हाफ या शेतकऱ्याने या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १८८८ साली त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये मात्र १८८९ साली फोर्ड विरुद्ध वायली या खटल्यात, मोठ्या बैलांची शिंगे करवतीने कापणे ही क्रूरता होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. स्कॉटलंड व आयर्लंड येथील न्यायालयांचे मत त्यापूर्वी निराळे पडले होते. हा वाद भूतदयेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. वळूच्या प्रश्नात त्याचे महत्त्व त्यामानाने थोडे, कारण दुधाळ वळूचे खरे शस्त्र शिंग हे नव्हेच. होल्स्टाइन जातीचा पूर्ण वाढलेला वळू वजनाने सुमारे एक हजार किलोग्रॅम भरतो. बिनशिंगाच्या कपाळाने माणसास भिंतीशी किंवा जमिनीशी दाबून त्याच्या बरगड्यांचा चुराडा करण्यास त्याला काही क्षण पुरतात. जर्सी जातीचा वळू याहून बराच लहान असतो; परंतु दुधाळ जातींत सर्वांत तापट अशी त्याची ख्याती आहे.

दुसरा उपाय नाकातील तांब्याच्या कडीचा. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास वेसण परिचित आहे. त्याच तत्त्वावर, पण वेसणीच्या दोराऐवजी धातूची कडी बसवून, तिच्यात टोकाला आकडा असलेली लांब काठी अडकवावयाची आणि काठीच्या लांबीइतके अंतर राखून वळूला चालवावयाचे, अशी ही पद्धत होती. तिसरा उपाय बांधकामाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतील शेतकी खाते व निरनिराळ्या राज्यांतील शेतकी महाविद्यालये यांनी ‘निर्धोक वळूखाना’ बांधण्याचे आराखडे शेतकऱ्यांना पुरविले. जाड खांब व लोखंडी नळ्या किंवा तारदोर यांचे कुंपण. बाहेरूनच चारा-पाणी देता येईल अशी गव्हाण. माणसास आडवे होऊन निसटता येईल, पण वळूचे डोके शिरणार नाही, एवढ्या रुंदीच्या फटी. आणि कुंपणाला लागूनच गाय दाखविण्याचा कटघरा, म्हणजे वळूच्या खणात कोणी पाऊल ठेवावयाचे कारणच नाही. हे आराखडे आज वाचताना त्यांतील सावधपणा जाणवतो, तसेच आणखीही काही जाणवते. वळू आणि माणूस यांचा संबंध अधिकाधिक तोडणे हाच प्रत्येक सुधारणेचा अर्थ होता. वळू जितका सुरक्षित कोंडला जाई तितका तो एकाकी होई, आणि एखाद्या दिवशी दार उघडे राहिले तर तितकाच अधिक धोकादायकही ठरे.

सामान्य शेतकऱ्याने मात्र असा वळूखाना क्वचितच बांधला. त्याचा उपाय सोपा आणि स्वस्त होता : वळू तीन-चार वर्षांचा होऊन अंगावर येऊ लागला, की तो खाटकास विकावयाचा आणि नवा गोऱ्हा घ्यावयाचा. येथेच या प्रश्नाचे खरे ऐतिहासिक गांभीर्य आहे. वळू स्वतः दूध देत नाही. त्याची योग्यता कळते ती त्याच्या मुलींच्या दुधावरून. हिशेब असा पडतो. सव्वा ते दीड वर्षाचा वळू गाईंना दाखविला, तर नऊ महिन्यांनी कालवडी जन्मतात. त्या सुमारे सव्वादोन ते अडीच वर्षांच्या होऊन पहिल्यांदा वितात, आणि त्यांच्या पहिल्या वेताच्या दुधाची नोंद पुरी होण्यास आणखी दहा महिने लागतात. तोवर वळू पाच-साडेपाच वर्षांचा झालेला असतो. म्हणजे ज्या वळूच्या मुलींनी आईपेक्षा अधिक दूध दिले, तो बहुधा त्या नोंदीपूर्वीच कापला गेलेला असे. आणि ज्याच्या मुली निकृष्ट निघाल्या, त्याचीही वाट तीच. १८९० साली विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक याने दुधातील स्निग्धांश मोजण्याची सुलभ कसोटी शोधून काढली, १८९५ साली डेन्मार्कमधील व्हायेन येथे पहिली दूध-नोंदणी संस्था निघाली, आणि गाईविषयीचे ज्ञान झपाट्याने वाढू लागले. पित्याविषयीचे ज्ञान मागे राहिले. वळू लवकर काढून टाकण्याचे दुसरेही कारण होते हे मान्य केले पाहिजे : एकाच कळपात फार दिवस राहिल्यास त्याचा त्याच्याच मुलींशी संबंध येई. परंतु हे कारण अदलाबदलीने दूर होण्याजोगे होते. मारक्या चार वर्षांच्या वळूची अदलाबदल करावयास शेजारी तयार होत नसे, ही खरी अडचण.

सहकारी वळू-संघांनी ही अडचण सोडविण्याचा प्रयत्न केला. डेन्मार्कमध्ये असे संघ एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते, आणि १९०८ साली अमेरिकेतील पहिला संघ मिशिगन राज्यात स्थापन झाला. काही शेतकऱ्यांनी मिळून उत्तम वळू विकत घ्यावयाचे, गटागटांत वाटावयाचे आणि दर दोन वर्षांनी ते एका गटातून दुसऱ्या गटात पाठवावयाचे, अशी ही योजना होती. तिच्यामुळे वळू जास्त वर्षे जगू लागला व त्याच्या मुलींच्या नोंदी त्याच्या हयातीत हाती येऊ लागल्या. पण प्रत्येक गटात कोणा एकाला तो वळू आपल्या गोठ्यात ठेवावाच लागे. सगळ्यांच्या फायद्यासाठी धोका पत्करणारा तो एकटा.

ही कोंडी फुटली ती कृत्रिम रेतनाने. रशियात इल्या इव्हानोव्ह याने विसाव्या शतकाच्या आरंभी या तंत्राचा पाया घातला. १९३६ साली डेन्मार्कच्या साम्सो बेटावर एडुआर्ड सॉरेन्सन याच्या पुढाकाराने दुधाळ गाईंसाठी पहिली सहकारी रेतन-संस्था निघाली. पहिल्या वर्षी तिच्यात १,०७० गाई दाखल होत्या आणि त्यांपैकी शेकडा ५९ गाभण राहिल्या. अमेरिकेतील एनॉस पेरी याने डेन्मार्कमध्ये जाऊन हे काम पाहिले आणि १९३८ साली न्यू जर्सीत पहिली अमेरिकन संस्था काढली. इंग्लंडमध्ये १९४२ साली केंब्रिज व रेडिंग येथे केंद्रे उघडली. १९४९ साली पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता येतात हे दाखविले, आणि १९५१ साली गोठविलेल्या वीर्यापासून पहिले वासरू जन्मास आले. त्यानंतर वळू जिवंत असण्याचीही आवश्यकता उरली नाही.

या प्रसाराचे श्रेय सामान्यतः वंशसुधारणेला आणि रोगप्रतिबंधाला दिले जाते. ते योग्यच आहे. पण लहान शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर ते अपुरे वाटते. १९४० च्या सुमारास आठ-दहा गाई बाळगणाऱ्या माणसास आनुवंशिकतेचा लाभ दिसावयास पाच वर्षे थांबावे लागणार होते. वळूच्या चाऱ्याची बचत आणि घरातील मुलाबाळांची वळूच्या भीतीतून सुटका हे दोन लाभ मात्र त्याला पहिल्याच दिवशी मिळत. शेतकऱ्यांपुढे कृत्रिम रेतनाचे फायदे मांडणाऱ्या प्रचारसाहित्यात ‘गोठ्यात धोकादायक वळू ठेवावा लागत नाही’ हा मुद्दा सतत आढळतो, तो उगाच नव्हे. ज्या तंत्राने पित्याविषयीचे ज्ञान शक्य झाले, त्याचा स्वीकार भीतीनेही सुकर केला, असे म्हणावयास हरकत नाही.

वळू मारका का होतो, या प्रश्नाकडे प्रयोगाच्या मार्गाने पाहिले गेले ते वळू बहुसंख्य गोठ्यांतून नाहीसा झाल्यावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ई. ओ. प्राइस व एस. जे. आर. वॉलक यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेरफर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या, एरवी शांत समजल्या जाणाऱ्या जातीचे गोऱ्हे घेतले होते. जन्मानंतर एक ते तीन दिवसांत वेगळे करून एकेकट्या खणात हाताने वाढविलेल्यांपैकी शेकडा ७५ वळूंनी मोठेपणी माणसास धमकाविले. हातानेच, पण गटात वाढविलेल्यांत हे प्रमाण शेकडा ११ होते. आईजवळ वाढलेले हजाराहून अधिक वळू या संशोधकांनी हाताळले होते, आणि त्यांपैकी एकाच वळूने हल्ला केला होता. जातीचा वाटा यात अजिबात नाही असे यावरून सिद्ध होत नाही. पण संगोपनाचा वाटा केवढा आहे ते दिसून येते. एकाकी वाढलेल्या गोऱ्ह्याला आपली जात कोणती हे शिकावयास मिळत नाही. बादली घेऊन येणारा माणूस हाच त्याचा स्वजातीय ठरतो. आणि वयात आल्यावर स्वजातीय नराशी जी झुंज घ्यावयाची, ती तो त्याच माणसाशी घेतो. आधी तो आडवा उभा राहून आपली बाजू दाखवितो, मान कमानीसारखी वाकवितो, डोळे वटारतो, पाठीवरचे केस उभारतो. मग डुरकत माती उकरतो. ही भाषा दुसऱ्या वळूला कळते. माणूस तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष करतो आणि पाठ फिरवितो.

कायद्याने मात्र जातीचाच आधार घेतला. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव व ग्रामप्रदेश अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने, सार्वजनिक वाट ज्या शेतातून जाते तेथे दहा महिन्यांहून मोठा वळू सोडण्यास मनाई केली. अन्य जातींचा वळू गाई-कालवडींबरोबर असेल तर सूट दिली, परंतु एअरशर, ब्रिटिश फ्रीझियन, ब्रिटिश होल्स्टाइन, डेअरी शॉर्टहॉर्न, गर्न्सी, जर्सी व केरी या सात दुधाळ जातींना ती सूट नाही. हम्मुराबीने मालकास विचारलेला प्रश्न येथे मागे पडला. व्यवहारात हा नियम सोयीचा आहे, कारण वाटसरूला आणि न्यायाधीशाला जात ओळखता येते, बालपण ओळखता येत नाही. पण त्यामुळे दीडशे वर्षांच्या गोठ्याच्या रीतीचा दोष रक्ताच्या खाती मांडला जातो, हेही नाकारता येत नाही.

भारतातील परंपरा या बाबतीत अगदी निराळी होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात (श्लोक २४२) पिकाच्या नासाडीबद्दलच्या दंडातून नुकतीच व्यालेली गाय, वळू आणि देवाची जनावरे वगळलेली आहेत. वृषोत्सर्गाच्या विधीने सोडलेला वळू गावभर हिंडे, गावच्या गुरांत चरे आणि माणसांच्या वर्दळीत वाढे. तो आईला पिऊन मोठा झालेला असे. गावचा वळूही पिसाळतो व माणसे लोळवितो. परंतु रोज त्याच्या अंगाजवळून जाणाऱ्यांची संख्या पाहता त्याला खणात कोंडलेल्या जर्सीच्या पंक्तीस बसविता येणार नाही. मैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ साली संपत कुमारन यांनी कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला, आणि महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने पुढे ही सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. त्यामुळे परदेशी दुधाळ जातींचे रक्त खेड्यापाड्यांतील गोठ्यांत पोहोचले. त्या जातींचे वळू मात्र रेतन-केंद्रांच्या कुंपणाआडच राहिले.

पाश्चात्त्य देशांतूनही वळू पूर्णपणे गेलेला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील काही मोठ्या दुग्धशाळांत, रेतनाने गाभण न राहिलेल्या गाईंसाठी तरुण वळू पुन्हा कळपात सोडले जाऊ लागले. आयोवा, कॅन्सस, मिसूरी आणि नेब्रास्का या चार राज्यांतील २००३ ते २००८ या काळातील गुरांमुळे झालेल्या मृत्यूंचा अहवाल २००९ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी प्रसिद्ध केला. तो दुधाळ वळूंपुरता मर्यादित नाही. एकूण २१ मृत्यूंपैकी १० एकेकट्या वळूच्या हल्ल्याने झालेले होते. मृतांपैकी दोन-तृतीयांश साठ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. आणि सुमारे एक-तृतीयांश प्रकरणांत ते जनावर मारके आहे, हे त्यापूर्वीच दिसून आलेले होते.